कडीतली माती

दुरुस्तीला अवजार घेऊन आलेला माणूस सगळ्यात आधी खोटं बोलतो. "परवापर्यंत अगदी चांगलं होतं हो," म्हणतो. दांडा सहा महिने हलत असतो, पाचर म्हणून त्यात घडी केलेला पुठ्ठा कोंबलेला असतो, पात्यावरून गंजाचे पापुद्रे सुटत असतात. पण परवापर्यंत अगदी चांगलं होतं. मी मान डोलावतो. खरं काय ते अवजार सांगणारच असतं, उगाच माणसाला कशाला अडचणीत आणायचं?

माझं दुकान म्हणजे दहा बाय बाराची खोली. रस्त्याच्या बाजूला लाकडी बाक, त्याला अवजार घट्ट पकडायचा व्हाइस. खिडकीखाली धारेचे तीन दगड, खरबरीतपासून मऊपर्यंत ओळीनं. भिंतीला दांडे उभे केलेले. जवसाचं तेल, लोखंडाचा कीस आणि भुसा यांचा वास माझ्या शर्टांना धुऊनही जात नाही. फावडी, कुदळी, दाताळी, झाडं कापायच्या कात्र्या, खुरपी, बागेत लागणारं जे जे म्हणून झिजतं, ते माझ्याकडे येतं. दुरुस्त करायचं की फेकून नवं घ्यायचं, हे मी ठरवतो. पातं नखानं वाजवायचं. टणटणीत बोललं तर अजून आयुष्य आहे, बद्द वाजलं तर आत चीर आहे. दांड्याचे रेषे लांबीला पळत असतील तर ठेवायचा, आडवे फुटत असतील तर बंबात घालायचा.

प्रत्येक अवजाराची वहीत नोंद. रकाने तीन: पातं, मूठ, माणूस. तिसरा रकाना गिऱ्हाइकाला दाखवत नाही. त्यात 'बाग बायको करते, कौतुक हा घेतो' अशी एक नोंद आहे. 'कात्री गुलाबांसाठी म्हणे, धारेवर सगळे वायरीचे खड्डे' अशीही आहे. एका सद्‌गृहस्थांपुढे नुसतं 'घरातला राग फावड्यावर' एवढंच लिहिलंय, आणि त्यांचं हे चौथं फावडं. मूठ कुठं गुळगुळीत झाली, कुठं खोलगट झाली यावरून हात डावा की उजवा, माणूस उंच की बुटका, सावकाश की घायकुतीचा, सगळं कळतं. गल्लीत मला 'ज्योतिषी' म्हणतात. हात न बघता हात सांगतो म्हणून.

या कलेचा मला गर्व होता. पुढचं सगळं त्या गर्वातून निघालं, म्हणून तो इथंच नोंदवून ठेवतो.

त्या सोमवारी सकाळी ताई आली. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. आमच्या घरात वाटण्या झाल्या तेव्हा जिभेची धार तिच्याकडे गेली आणि मला नुसते धारेचे दगड आले. तिनं बाकावर वर्तमानपत्राचं एक पुडकं ठेवलं.

"ज्योतिषीबुवा, एवढं बघा."

आत भावोजींचं खुरपं होतं.

भावोजी म्हणजे ताईचे यजमान. बाग हा त्यांचा धंदा नव्हता, नाद होता. हाताचे नेटके, तोंडाचे कमी, आणि पायाला भिंगरी. लग्नानंतर दोनदा कुणाला न सांगता निघून गेले होते, एकदा चार दिवस, एकदा पंधरा. दोन्ही वेळा परत आले ते थेट रोपांना पाणी घालायलाच लागले. अकरा वर्षांपूर्वी घरामागे पाचोळा कुजवायला ते खड्डा खणत होते. छातीइतका खोल झाला होता. टेप धरायला मी स्वतः त्यात उतरलो होतो, म्हणून ती जमीन मला पाठ आहे: वर वीतभर काळी माती, खाली दोन हात पिवळी चिकण, आणि तळाला तांबूस मुरूम. मग एका दुपारी ताई बाहेरून घरी आली तर खड्डा बुजवून, चोपून सपाट केलेला. भावोजी नाहीत.

शोधाशोध झाली. गल्लीतला गवंडी तेव्हाच म्हणाला होता, "खड्डा उकरून बघू या." या गवंड्याला सगळे 'ओळंबा' म्हणतात, कारण भिंत सरळ उभी आहे की नाही हे ओळंब्याच्या दोरीनं तपासणारा तो स्वतः कशाला तरी टेकल्याशिवाय उभा राहिलेला कुणी पाहिला नाही. पण लोक बघत होते माझ्या तोंडाकडे. मी पत्र्याच्या शेडमध्ये गेलो. खुरपं खिळ्याला टांगलेलं होतं. धुतलेलं, पुसलेलं, तेल लावलेलं. मी ते हातात दोनदा फिरवलं आणि बाहेर येऊन निकाल दिला, "परत येणारा माणूस अवजार मातीतच टाकून उठतो. धुऊन, तेल लावून टांगतो तो काम आटपून गेलेला असतो. भावोजी आपल्या पायांनी गेलेत."

पोलिसांनीही ते तसंच लिहून घेतलं. खड्डा कुणी उकरला नाही. ताई माझ्याकडे एकदा बघून आत गेली. त्यानंतर अकरा वर्षं तिनं पुढचं दार आतून कडी न लावता नुसतं लोटून ठेवलं.

"मूठ फुटलीय," ताई म्हणाली. "नवी बसव."

"अकरा वर्षं खिळ्याला टांगलेलं खुरपं फुटतं कसं?"

"ते मी तुला विचारायचं की तू मला? शेडला कुलूप, किल्ली माझ्या पिशवीत. लाकूड आहे, वाळून तडकलं असेल." तिनं पुडक्याचा कागद घडी घालायला घेतला. "येत्या तिसऱ्या शुक्रवारी ओळंबा येतोय. मागचं अंगण काँक्रीट टाकून बंद करतेय. लेक म्हणते, घर सोडत नाहीस तर निदान मागची माती तरी बंद कर, तिकडे बघत बसतेस. तिचंही खरं आहे. हे खुरपं आत भिंतीला लावीन. बास झालं."

'बास झालं' हे ती मला म्हणाली नव्हती.

ती गेल्यावर मी खुरपं व्हाइसमध्ये धरलं. पात्याची धार पार बोथट. मूठ वरून खाली फुटलेली. मूठ आणि पातं जिथं भेटतात तिथं लोखंडी कडी असते. पात्याची शेपटी तिच्यातून मुठीत शिरते. तिथल्या फटीत मी सवयीनं दाभण घातलं. तांबूस मुरमाचे दाणे बाकावर पडले. त्या जुन्या खड्ड्यातलाच असणार, म्हटलं. अकरा वर्षांपूर्वीचा मुरूम ओलसर कसा, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. पण ताई येऊन गेली की अर्धा तास माझी अक्कल धाकटी असते.

आमच्या बाबांचा एक नियम होता. ज्याचा हात समोर नाही त्याच्या मापाची मूठ करायची नाही. नवी मूठ सरळ गोल करायची, हात तिला आपला आकार देतो. का, म्हणून विचारलं तर बाबा कारण देत नसत, टपली देत. पण हे खुरपं भिंतीवर लागणार होतं, आठवण म्हणून. मला वाटलं, ताईला दाखवू आपली करामत. भावोजी डावखुरे होते. अंगठा मुठीच्या वर दाबून धरायचे, त्यामुळे जुन्या मुठीला तिथं नखाएवढी खोलगट जागा झाली होती; तळहाताच्या गादीनं मागचं टोक एका अंगाला चपटं केलेलं. बाभळीच्या लाकडातून मी ते सगळं जसंच्या तसं उतरवलं. दीड दिवस गेला. काम संपल्यावर मी माझा उजवा हात तिच्यावर ठेवला तर मूठ हाताला नको म्हणाली, इतकी ती दुसऱ्याची झाली होती.

ताईनं ती हातात घेतली, अंगठा खोलगट जागेत ठेवला आणि काढून घेतला. कौतुकाचा शब्द काढला नाही. तिच्याकडून मी त्याची अपेक्षाही धरत नाही.

पुढच्या सोमवारी ती पुन्हा आली. पुन्हा वर्तमानपत्र.

"आता काय?"

"उघड."

माझी आठ दिवसांची मूठ आठ वर्षं वापरल्यासारखी काळपट आणि गुळगुळीत झाली होती. पातं बोटभर खाल्लं गेलेलं. मागचं टोक दगडानं ठोकल्यासारखं फुललेलं. दाभण घातलं तर या वेळी पिवळी चिकण माती निघाली. वातीसारखी लांब, दमट.

"भिंतीला लावणार होतीस ना?"

"ओळंबा येऊन जाईपर्यंत शेडमध्येच ठेवलं."

"मग शेजारचं कुणीतरी नेतंय, ताई. तू झोपलीस की कुलूप काढून विहीर खणतंय."

"माझ्या शेजारी कोण आहे? एकीचे गुडघे गेलेत, दुसऱ्याला खुरपं कुठून धरायचं ते माहीत नाही."

"मग तूच वापरतेस."

"वापरते तर. तुझ्या धंद्याला बरकत यावी म्हणून." ती हसली नाही. बाकावर पडलेल्या त्या मातीकडे बघत राहिली, मग बोटानं ती गोळा करून तिनं आपल्या रुमालात बांधली. "धार नीट लाव," म्हणाली. "मागच्या वेळी कमी पडली."

भिंतीवर लावायच्या खुरप्याची धार कमी पडते म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. मी अवजाराला प्रश्न विचारणारा माणूस. त्याची परीक्षा घ्यायची ठरवली. पातं नवं घातलं, मोटारीच्या जुन्या स्प्रिंगच्या पाट्याच्या पोलादाचं. तसलं पातं माळ्याच्या हातात चार वर्षं हलत नाही. मुठीच्या आत, जिथं शेपटी शिरते तिथं, पेन्सिलीनं फुली काढली. खुरपं कुणी बदललं तर कळावं. शेडला माझ्याकडचं नवं कुलूप दिलं. वहीत 'माणूस' या रकान्यात लिहिलं: 'ताई लपवते आहे.'

तिसऱ्या सोमवारी ती दुकान उघडायच्या आधीच पायरीवर बसलेली. कुलूप शाबूत होतं, म्हणाली. मुठीत माझी फुली होती. पोलाद बोटभर झिजलेलं.

कडीतून काळी माती निघाली. तिच्यात पांढऱ्या मुळ्या होत्या, केसासारख्या बारीक.

"गुरुवारी देतो," मी म्हणालो.

"आज नाही होणार?"

"गुरुवारी."

ती उठून गेली. मी दार अर्धं लोटलं आणि खुरपं घेऊन खिडकीशी बसलो. एक गोष्ट पहिल्या दिवसापासून टोचत होती, तिच्यावर बोट ठेवता येत नव्हतं, आता आलं. माती खाली पडते, वर चढत नाही. खुरप्यानं जमीन उकरताना टोक खाली असतं, कडी वर. माती टोकाला चिकटते, पात्याला चिकटते. कडीच्या आत ती शिरत नाही. इतक्या वर्षांत मी शेकड्यानं खुरपी उघडली, कडी कोरडीच असते. इथं ती ठासून भरली होती, दर वेळी. आणि पात्याची झीज उलट्या अंगाला होती.

मी कानस घेऊन बाकाशी उभा राहिलो, तशी झीज व्हायला हात कसा चालायला हवा ते बघू लागलो. उभ्यानं जमेना. उकिडवं बसून जमेना. कूस बदलून बघितली. शेवटी फरशीवर पाठ टेकली, बाकाखाली सरकलो, खुरपं डाव्या हातात घेतलं आणि बाकाच्या खालच्या फळीला वरच्या दिशेनं खरवडायला लागलो. भुसा तोंडावर पडला. चार-पाच ओढींत मूठ हातात अशी बसली की जणू तिथंच बसायची होती. अंगठा खोलगट जागेत. झीज बरोबर त्याच कोनात.

"ज्योतिषी, ग्रह आता खालून बघायला लागलात का?"

दारात चष्मेवाले पोस्टमास्तर उभे होते, कात्री घेऊन. मी काहीतरी बोललो. कपडे झटकले. त्यांच्या कात्रीचा स्क्रू पिळून दिला, तो उलटा पिळला हे ते गेल्यावर लक्षात आलं.

मुरूम. पिवळी. काळी. आणि मुळ्या.

मी खुरप्याला धार लावली नाही. बाकाच्या खणात टाकलं, खणाला कुलूप लावलं. ओळंबा शुक्रवारी यायचा होता. मध्ये चार दिवस काढायचे, मग वर सहा इंच काँक्रीट. हा मी हिशेब केला हे लपवत नाही. मंगळवारी दिवसभर मी त्या खणाकडे पाठ करून काम केलं, आणि दिवसभर चालू काय होतं, तर मान वळवून बघणं. बुधवारी एका बाईंच्या दाताळ्याला दांडा उलटा बसवला. त्या म्हणाल्या, "बरं नाही का तुम्हाला?"

त्याच दुपारी ताई आली. पिशवी नाही, छत्री नाही, पायांत घरातल्या चपला. बाकाच्या पलीकडे उभी राहून म्हणाली, "खुरपं दे."

"गुरुवारी म्हणालो होतो."

"आवाज थांबलाय."

मी हातातली कानस ठेवली.

"कसला आवाज?"

"तू दाभणानं माती काढतोस आणि मला विचारतोस कसला आवाज?" ती स्टुलावर बसली. "महिना झाला. शेडच्या मागच्या अंगाला. आधी वाटलं घूस आहे. मग ऐकत बसले. चार वेळा खरवडायचं, मग थांबायचं, मग चार वेळा. त्यांची तीच रीत होती रे. चार ओढी आणि दम. खुरपं बोथट झालं की आवाज बसका व्हायचा, धार लावून टांगलं की दुसऱ्या दिवशी स्वच्छ ऐकू यायचं. रविवारी इतकं जवळ होतं की मी जमिनीवर हात ठेवला तर खालून कळत होतं. आणि सोमवारपासून काही नाही. तू काय केलंस?"

"खणात ठेवलं."

ताईनं खणाकडे बघितलं. तिचा हात पुढे आला नाही. आमच्यात तिचा हात आधी पुढे यायचा, नेहमी.

"ताई," मी म्हणालो, "त्या दिवशी मी कडीत दाभण घातलं नव्हतं. वरून बघितलं, धुतलेलं दिसलं, आणि बोललो."

"माहितीय."

"ओळंबा म्हणत होता उकरू या. माझ्यामुळे—"

"माहितीय रे. अकरा वर्षं माहितीय." ती उठली. "म्हणून तर तुझ्याकडेच आणत होते."

मी दुकान बंद केलं आणि ओळंब्याला हाक मारली.

गुरुवारी दुपारी दोनला आम्ही शेडमागे उभे होतो. उन्हानं पत्रा तडतडत होता. जागा मी टेपनं मोजून दिली. शेडच्या कोपऱ्यापासून चार फूट, आकडा मला पाठ होता. ओळंब्यानं कुदळ मारली. वीतभर काळी माती, मुळ्यांनी विणलेली. मग पिवळी. तो कमरेइतका खाली गेला, छातीइतका गेला, मग मुरूम लागला. कुदळ मुरमावर ठणठणली. तो खड्ड्याच्या भिंतीला टेकला आणि घाम पुसत वर माझ्याकडे बघू लागला.

"ज्योतिषी, इथं काय असायला हवं होतं?"

"तुला काय दिसतं?"

"थर दिसतात. सरळ, एकावर एक, अगदी ओळीनं. बुजवलेली माती अशी नसते, ती कालवलेली असते. तीस वर्षं पाया खणतोय." त्यानं भिंतीवर थाप मारली. "ही जमीन कुणी कधी खणलेलीच नाही."

"मी या खड्ड्यात उभा होतो, ओळंबा. इथंच."

"मग दुसरीकडे उभे असाल."

ताई शेडच्या सावलीत बसली होती. तिनं खड्ड्यात डोकावूनसुद्धा पाहिलं नाही.

"वरून खणलं तर नाही सापडायचं," ती म्हणाली. मग ओळंब्याला म्हणाली, "बुजवून टाका. आणि उद्या येऊ नका. काँक्रीट नको."

"खणायला लावून परत बुजवायला लावणारी पहिलीच बाई बघितली," ओळंबा पुटपुटला, पण त्यानं बुजवलं. त्यालाही तिथं थांबायचं नव्हतं. चहा न घेता गेला.

ताईनं माझ्यापुढे हात पसरला.

मी खुरपं आणलं होतं. धार लावली नव्हती. तिथंच पायरीवर बसलो, पिशवीतून मऊ दगड काढला आणि धार लावली, जशी मी कुणालाच लावून दिली नव्हती. ती समोर बसून बघत होती. लहानपणी बाबा पेन्सिलीला टोक करून द्यायचे तेव्हा बसायची तशी.

"येऊ का रविवारी?" मी विचारलं.

"सोमवारी मीच येईन की," ती म्हणाली.

सोमवारी ती आली नाही.

अकरापर्यंत वाट बघून मी गेलो. पुढचं दार नुसतं लोटलेलं. आत पंखा चालू. टेबलावर दोन कप, दोन्ही विसळून पालथे घातलेले. चष्मा वर्तमानपत्रावर. मागचं दार उघडं.

अंगण झाडलेलं होतं. ओळंब्यानं बुजवलेली जागा मला सापडेना. गवत सगळीकडे सारखं होतं, उन्हानं पिवळं पडलेलं, जुनं.

शेडचं कुलूप उघडून कडीला अडकवलेलं.

खुरपं खिळ्याला होतं.

धुतलेलं. पुसलेलं. तेल लावलेलं. तेल अजून वाळलं नव्हतं.

भाची दुपारच्या गाडीनं आली. ओळंबा आला, पोस्टमास्तर आले, शेजारची गुडघेवाली भिंत धरत आली. पोलीस आले, त्यांनी चपला मोजल्या. सगळ्या घरात होत्या. कुणीतरी जुनी गोष्ट काढली, कुणीतरी त्याला गप्प केलं. भाची शेडच्या दारात माझ्यासमोर उभी राहिली. तिचा ताईसारखाच कपाळाला आठी घालायचा ढंग आहे.

"मामा, तुला अवजार बघून कळतं ना? तू बाबांच्या वेळी सांगितलंस. मग आता सांग. आई कुठं गेली?"

सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. ओळंबासुद्धा, शेडच्या पत्र्याला टेकून.

मी खिशातून दाभण काढलं.

कडीतून मुरूम निघाला. तळहातावर घेतला. तांबूस, ओला, थंड.

मग मूठ उजेडात वळवली. वर डाव्या अंगठ्याची खोलगट जागा होती, माझीच केलेली. तिच्याखाली दुसरी होती, नवी, उथळ. उजव्या हाताची. लहान अंगठ्याची. आणि बोटाच्या जागी लाकडाला एक बारीक आडवी चरी पडलेली, ताईची अंगठी कधी बोटातून निघत नसे.

"नाही कळत," मी म्हणालो.

भाचीनं घर बंद केलं, पण आतून कडी लावायला कुणी उरलं नव्हतं म्हणून ती बाहेरून लावावी लागली, आणि ती लावताना तिला रडू आलं. खुरपं ती नको म्हणाली. ते आता माझ्या दुकानात असतं, खिडकीजवळच्या खिळ्याला. वहीत त्याची नोंद आहे. पातं: पोलादी, उत्तम. मूठ: बाभळीची. तिसरा रकाना कोरा आहे.

पहिल्या सोमवारी दुकान उघडलं तेव्हा त्याची धार गेलेली होती. कडीत मुरूम. त्याच्या पुढच्या सोमवारीही मुरूमच, पण वरच्या टोकाला थोडी पिवळी. मी कुणाला काही विचारत नाही. आलेलं काम करतो. दाभणानं कडी साफ करतो, तिन्ही दगडांवर धार लावतो, पाचर ठोकतो, तेल लावून टांगतो.

काल कडीतून नुसती पिवळी निघाली. मूठ पुन्हा फुटली होती. नवी केली. या वेळी ती चार बोटं लांब ठेवली आहे, दोन हात मावतील एवढी.